जीवाणूंना गाठणारे विषाणू

हिंगोलीच्या कयाधू नदीच्या ओंजळभर पाण्यातही जीवाणूंना मारणारे असंख्य विषाणू असतात. त्यांना बॅक्टेरियोफेज, थोडक्यात फेज म्हणतात. १९७७ साली शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने फाय-एक्स-१७४ या फेजचा जनुकसंच वाचला. त्यात ५,३८६ रासायनिक अक्षरे आहेत. लॅम्डा फेजमध्ये ती ४८,५०२ आहेत. वेगवेगळ्या फेजचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले, की गोधडीसारखी रचना दिसते: एखादा तुकडा हुबेहूब जुळतो, लगतचा अगदीच वेगळा असतो. एकाच जीवाणूत शिरलेल्या फेजमध्ये जनुकांची देवाणघेवाण होते, म्हणून असे घडते. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर उपचार म्हणून फेज वापरण्यापूर्वी ही तुलना करायलाच हवी. विष तयार करणारी किंवा जीवाणूतच दडून राहू देणारी जनुके ज्यांत आहेत, असे फेज त्यामुळे वेळीच वगळता येतात.