कानातली शिट्टी आणि मेंदू

कापसाचा हंगाम सुरू झाला की मानवत-सेलूकडच्या जिनिंगमध्ये यंत्रांची घरघर तासन्तास कानावर आदळते. असा गोंगाट वर्षानुवर्षे सोसला, तर कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यांचे मेंदूकडे जाणारे संदेश कमी झाले की मेंदू रेडिओसारखा आपला आवाज वाढवतो, आणि त्याला स्वतःचीच खरखर ऐकू येते. हाच कर्णनाद, म्हणजे टिनिटस. रात्री निजानीज झाली की तो जास्त छळतो.

यावरच्या ध्वनिउपचारात पावसासारखा मंद आवाज किंवा श्रवणयंत्र वापरतात. संशोधक पावेल जास्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलं, की नादाचा त्रास मेंदूतल्या भीती-भावनांच्या जाळ्यामुळे वाढतो. म्हणून त्यांच्या पद्धतीत नाद पुरता बुडवत नाहीत. तो हलका ऐकू यावा लागतो, तरच मेंदू त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. याला कित्येक महिने लागतात, समुपदेशनही लागतं. नुसता आवाज पुरेसा असल्याचा भक्कम पुरावा नाही. नाद हमखास घालवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका!

नाद एकाच कानात असेल किंवा नाडीसारखा ठोके देत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी जा. कानात तेल मात्र घालू नका.