म्हैसूरची आकाशवाणी

‘आकाशवाणी’ हा शब्द आपल्या कानांना इतका सरावाचा झाला आहे कीं, तो कोणीतरी, कोठेंतरी प्रथम योजला असेल हें सहसा मनांत येत नाहीं. सरकारी नभोवाणीचें तें नांव; तेव्हां तें दिल्लीच्या एखाद्या समितीनेंच ठरविलें असावें, असा आपला समज असतो. वस्तुस्थिति निराळी आहे. म्हैसूर शहरांतील एका प्राध्यापकाच्या राहत्या घरीं चालणाऱ्या, अवघ्या ३० वॅट शक्तीच्या केंद्राचें हें नांव. त्या चिमुकल्या केंद्राची हकीकत आज सांगावयाची आहे.

तो काळ नभोवाणीला अनुकूल नव्हता. मुंबईस ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’नें २३ जुलै १९२७ रोजीं आपलें केंद्र मोठ्या थाटानें उघडलें होतें, खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन उद्घाटनास आले होते. परंतु परवान्याची वार्षिक फी दहा रुपये, यंत्रें महाग, आणि परवानेधारकांची संख्या आठ हजारांच्याहि आंत. तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच कंपनीचें दिवाळें वाजलें आणि १९३० सालीं तो कारभार सरकारला आपल्या हातीं घ्यावा लागला. भांडवलदारांना जें झेपलें नाहीं, तें एखाद्या शिक्षकानें पदरमोड करून आरंभावें, हें धाडसच म्हटलें पाहिजे.

तें धाडस डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनीं केलें. ते म्हैसूरच्या महाराजा कॉलेजांत मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. मानसशास्त्राचें शिक्षण त्यांनीं लंडन येथें, स्पिअरमन या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखालीं घेतलें होतें. मनुष्याचें मन शब्दानें आणि स्वरानें कसें हलतें, हा ज्याच्या अभ्यासाचा विषय, त्याला नभोवाणीचें आकर्षण वाटावें यांत नवल नाहीं. सप्टेंबर १९३५ मध्यें ‘विठ्ठल विहार’ या आपल्या घरांतून त्यांनीं ध्वनिक्षेपण सुरू केलें.

३० वॅट म्हणजे किती? घरांतल्या जुन्या पद्धतीच्या साध्या दिव्याला चाळीस किंवा साठ वॅट लागत; म्हणजे तेवढीहि शक्ति या केंद्राच्या प्रक्षेपकाला नव्हती. मुंबईचा १९२७ सालचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा, म्हणजे याच्या पन्नासपट. तरीहि केंद्र चाललें, याचें कारण त्या काळच्या ध्वनिक्षेपणाच्या रीतींत आहे. एकसारख्या वाहणाऱ्या विद्युल्लहरीची उंची बोलणाऱ्याच्या आवाजाबरहुकूम कमीजास्त करावयाची, आणि ऐकणाऱ्याच्या यंत्रानें ती उंची ओळखून पुन्हां आवाज घडवावयाचा, एवढीच ती युक्ति. ही ओळख पटविण्याचें काम इतकें सोपें असतें कीं, केंद्र जवळ असेल तर स्फटिकाचा एक खडा, तारेचें एक वेटोळें आणि कानाला लावावयाची एक चकती एवढ्यावर भागतें. वीजहि लागत नाहीं. केंद्र दुबळें असलें, तरी ऐकणारा गांवांतलाच असल्यामुळें त्याचें अडत नसे.

या केंद्राचें मर्म मला येथेंच दिसतें. पुराणांतली आकाशवाणी कोणाची, कोठून आली, हें ऐकणाराला कळत नाहीं. कंसानें ती ऐकली, पण तिला उलट प्रश्न विचारण्याची सोय त्याला नव्हती. म्हैसूरची आकाशवाणी मात्र दोनचार गल्ल्यांपलीकडून येणारी होती. गाणारा गावई उद्यां बाजारांत भेटेल, व्याख्यान देणारे गृहस्थ सायंकाळीं फिरावयास निघालेले दिसतील, आणि आवडलेंनावडलेंहि त्यांच्या तोंडावर सांगतां येईल, अशी ही जवळीक. शिवाय म्हैसूर हें वीणावादनाची परंपरा असलेलें, दरबारानें कलावंत सांभाळलेलें आणि विद्यापीठ असलेलें शहर; तेव्हां संगीताची किंवा कानडी भाषणांची वाण पडण्याचें कारण नव्हतें. उणीव होती ती पैशाची.

‘आकाशवाणी’ हें नांव कोणाला सुचलें याविषयीं दोन मतें आहेत. कोणी त्याचें श्रेय स्वतः गोपालस्वामींना देतात, तर कोणी त्यांचे सहकारी एन. कस्तुरी यांना. आपणां मराठी मंडळींना तें परकें वाटण्यासारखें नव्हतेंच. आपल्याकडे त्याच अर्थाचा ‘नभोवाणी’ हा शब्द रूढ होता.

प्राध्यापकाची मिळकत ती किती! मोठा प्रक्षेपक आला, नगरपालिकेचा हातभार लागला, तरी खर्चाचें ओझें एका माणसाला कायमचें पेलण्यासारखें नव्हतें. सुमारें सहा वर्षांनीं म्हैसूर संस्थाननें केंद्र आपल्याकडे घेतलें. स्वातंत्र्य आलें तेव्हां देशांत संस्थानांचीं अशीं पांच केंद्रें होतीं: म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदें, आणि मराठवाड्यांतील त्या वेळचें औरंगाबाद. संस्थानें विलीन झालीं, तशीं हीं केंद्रेंहि अखिल भारतीय नभोवाणींत सामील झालीं. म्हैसूरचें केंद्र १ एप्रिल १९५० रोजीं तिच्याकडे गेलें. पुढें १९५५ सालीं बंगलोर येथें शक्तिमान केंद्र उभें राहिलें आणि म्हैसूरचें केंद्र तिकडे हलविण्यांत आलें. त्यानंतर एकदोन वर्षांतच ‘आकाशवाणी’ हें नांव साऱ्या देशाच्या नभोवाणीला देण्यांत आलें.

हा योगायोग विचार करावयास लावतो. नांव देशभर दुमदुमूं लागलें, त्याच सुमारास तें ज्या शहरानें दिलें त्याला स्वतःचें केंद्र उरलें नव्हतें. बंगलोरचा आवाज म्हैसुरांत अधिक स्वच्छ ऐकूं येत असेल. कार्यक्रमहि अधिक सफाईदार असतील. तथापि ऐकूं येणें ही एक गोष्ट, आणि आपल्याला बोलतां येणें ही दुसरी. म्हैसूरला पुन्हां केंद्र मिळावयास १९७४ साल उजाडावें लागलें.

काटकसर आणि सोय यांच्या नांवाखालीं लहान केंद्रें मोठ्यांत मिळवून टाकावीं, असा विचार आजहि वारंवार पुढें येतो. त्याचा हिशेब करतांना वॅट, मैल आणि रुपये हे आंकडे मांडणें सोपें असतें. गांवाच्या गळ्याची किंमत कोणत्या रकान्यांत लिहावयाची हें मात्र कोणी सांगत नाहीं. सुदैवानें दुसराहि ओघ आहे. २००६ पासून सेवाभावी संस्थांनाहि समुदाय-नभोवाणी चालविण्याची मुभा मिळाली. साताऱ्याच्या माणदेशांत म्हसवड येथें असें एक केंद्र चालू झालें. लहरींची रीत आतां निराळी आहे, आणि प्रक्षेपकाची शक्ति साधारण ५० वॅट, म्हणजे गोपालस्वामींच्या यंत्राहून थोडीशीच अधिक. परंतु आपल्या शेताविषयीं, पाण्याविषयीं, घराविषयीं आपल्याच बोलींत बोलावयास तेवढी शक्ति पुरते.