प्रवेशाचा अर्ज कोणाच्या हाताने?

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



बारावीनंतरच्या प्रवेशासाठी पैसे देऊन सल्लागार करावा की नाही, या विषयावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा संस्थेने आम्हाला केली आहे. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. आमच्या वेळी प्रवेश म्हणजे गुणपत्रिका घेऊन महाविद्यालयाच्या खिडकीपुढे रांग लावणे, एवढेच होते. तेव्हा अधिकारवाणीने बोलावे असे आमच्यापाशी काही नाही. आमच्या घरात जे घडले तेच सांगतो.

२०२२ साली आमची पुतणी अभियांत्रिकीसाठी सीईटीला बसली. निकालात ८२ पर्सेंटाइल आले. आमचे दादा एसटीत वाहक आहेत. त्यांना वाटले पोरीला ८२ टक्के गुण पडले, त्यांनी आगारात पेढे वाटले. आम्हीही पेढा खाल्ला. परीक्षेला बसलेल्या शंभरांतले ८२ जण तिच्या बरोबरीने किंवा मागे, असा त्याचा अर्थ असतो, हे आम्हाला दोन दिवसांनी एका शिक्षकांकडून कळले.

पुढे खरी पायपीट सुरू झाली. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची जी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया आहे, जिला मुले 'कॅप' म्हणतात, तीत आधी नोंदणी, मग कागदपत्रांची तपासणी, मग तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावर हरकती, मग अंतिम यादी, मग महाविद्यालयांचे पसंतीक्रम, मग जागावाटप. प्रत्येकाची तारीख वेगळी, आणि एक चुकली की पुढचे दार बंद. दादांची ड्यूटी रात्रीची, आमची बँक सहापर्यंत. तेव्हा कोणीतरी शहरातल्या एका सल्लागाराचे नाव सुचवले. वातानुकूलित कचेरी, भिंतीवर मुलांची छायाचित्रे, शुल्क पंधरा हजार. ते म्हणाले, "तुम्ही निर्धास्त राहा. फक्त लॉगिन आणि पासवर्ड देऊन ठेवा." आणि आम्ही दिला!

बंधुहो, याची लाज आम्हाला आजही वाटते. रोज काउंटरवर आम्ही ग्राहकांना बजावतो की कोऱ्या अर्जावर सही करू नका, ओटीपी कोणाला सांगू नका. तोच माणूस घरच्या मुलीच्या चार वर्षांची किल्ली परक्याच्या हाती देऊन चहा पिऊन बाहेर पडला.

पसंतीक्रमाच्या अर्जात तीनशेपर्यंत पर्याय देता येतात. त्या गृहस्थांनी मोजून दहा भरले. पहिल्या क्रमांकावर असे खाजगी महाविद्यालय, जे पुतणीने कधी ऐकलेही नव्हते. पहिल्याच फेरीत तेच मिळाले. आम्ही आनंदलो. मग नियम वाचला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती कायम होते. नाकारली तर कॅपच्या पुढच्या फेऱ्यांत स्थान नाही. म्हणजे दार उघडताक्षणीच लागून गेले होते.

त्या रात्री मागच्या वर्षीची कटऑफ यादी आम्ही प्रथमच उघडली. ती कक्षाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. 'एलएससीएच' अशी काहीतरी अक्षरे होती. पुतणीनेच ती सोडवली: एल म्हणजे मुलींसाठीची जागा, एससी म्हणजे अनुसूचित जाती, शेवटचा एच म्हणजे गृह विद्यापीठ. आणि तिच्या गुणांत आधीच्या वर्षी एका शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली होती, तिला हव्या असलेल्या शाखेत. घरापासून बसने पाऊण तास. ती काही बोलली नाही. वही मिटली आणि आत गेली. त्या गृहस्थांचा त्या खाजगी महाविद्यालयाशी काय व्यवहार होता ते आम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीचा आरोप आम्ही करणार नाही. पण यादी भरण्यापूर्वी 'तुला काय शिकायचे आहे?' हे त्यांनी तिला एकदाही विचारले नव्हते. खरे तर आम्हीही नव्हते.

तरी आमचे नुकसान थोडक्यात निभावले, कारण प्रवेश कॅपमधून झाला होता. दुसरी हकीकत बँकेतली आहे. एक गृहस्थ मुलासाठी शैक्षणिक कर्ज मागायला आले. मुलाला कॅपमधूनही एक जागा मिळत होती, पण मध्यस्थाने 'याहून नावाजलेले मिळवून देतो' म्हणून संस्थास्तरावरच्या जागेवर त्याचा प्रवेश करून दिला. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची भरपाई आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. ही एक ओळ त्यांना कोणी सांगितली नव्हती. कर्जाचे कागद आम्हीच तयार केले. सही करताना ते म्हणाले, "साहेब, फ्रीशिप कधी जमा होईल?" आम्हाला उत्तर देववेना.

आता कागदपत्रांविषयी. येथे आपली मुले सर्वात जास्त अडतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळे. वैधता मुदतीत सादर झाली नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. कधी शासन मुदत वाढवते, पण त्या भरवशावर राहू नये. अकरावीतच महाविद्यालयाचे पत्र घेऊन जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करावा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा किंवा कोतवाल बुकातली जन्मनोंद शोधावी लागते. वडिलांची किंवा सख्ख्या भावाची वैधता झालेली असेल तर काम बरेच हलके होते.

आपल्याकडे आणखी एक गुंता असतो. आजोबांच्या दाखल्यावर 'महार', १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर शाळेत गेलेल्या वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध', मुलाच्या दाखल्यावर 'नवबौद्ध'. एका मध्यस्थाने आमच्या ओळखीच्या कुटुंबाला 'नोंदी जुळत नाहीत, प्रकरण फेटाळले जाईल' म्हणून घाबरवले आणि पैसे मागितले. हा दोष नव्हे, आपला इतिहास आहे. धर्मांतरित बौद्धांसाठी दाखल्याचा स्वतंत्र नमुना आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जाती आदेशातही बौद्धांचा समावेश झालेला आहे.

मग सल्लागार करूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. पुढच्या वर्षी मेहुण्याच्या मुलासाठी आम्ही एका बाईंकडे गेलो. त्यांनी दोन तासांचे पाचशे रुपये घेतले, पावती दिली. आधी मूळ कागद पाहिले, आम्हाला बाहेर बसवून मुलाशी बोलल्या, आणि यादी त्याच्याच हाताने लिहून घेतली. जिथे खरोखर जायचे ते वर, मिळण्याची आशा कमी असली तरी. वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही, हे त्यांनी उदाहरण देऊन पटवले. पासवर्डचे नावही काढले नाही. अशांना पैसे देताना हात आखडू नये. शिवाय शासनाची सुविधा केंद्रे आहेत, तेथे कागद तपासून मिळतात आणि विचारलेले सांगतातही, फक्त गर्दीत उभे राहण्याची तयारी हवी.

बाबासाहेबांनी १९१३ साली परदेशी जाण्यापूर्वी बडोदा संस्थानाशी करार केला, शिक्षणानंतर दहा वर्षे नोकरी करण्याचा. त्यांच्या शिक्षणाचा कागद सल्लागाराने परस्पर भरला नव्हता.

गेली दोन वर्षे प्रवेशाच्या हंगामात विहाराच्या वाचनालयात रविवारी सकाळी दहा ते बारा आपली संस्था मुलांना बसवून अर्ज समजावून देते. शुल्क नाही. मूळ कागद, दोन छायाप्रती आणि मागील वर्षाची कटऑफ यादी घेऊन यावे. पालकांनी सोबत यावे, पण माउस मुलाच्या हाती राहील. आमची पुतणी तिथेच असते. येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिला प्रश्न विचारते, "पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?" एखाद्याने दुसऱ्याचे नाव घेतले की म्हणते, "आधी तो बदल, मग बस."

जयभीम.