वनस्पतीची बोली

(न्यूझीलंडमधील बॉटनी डाउन्स येथे मराठी मुलांपुढे केलेले भाषण)

मुलांनो,

बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जिवाणूचे प्रथिन अळीच्या पोटात गेले, की तिच्या आतड्याला छिद्रे पडतात. पतंगाच्या अळ्या मारण्यासाठी तुमच्या ऑकलंडच्या काही भागांवर १९९६-९७ साली या जिवाणूची विमानातून फवारणी झाली होती.

हे प्रथिन पिकानेच तयार केले तर? शास्त्रज्ञांनी जिवाणूचे जनुक वनस्पतीत घातले. पण प्रथिन अगदीच थोडे तयार झाले. जिवाणूची बोली वनस्पतीला परकी होती. ‘पाणी’ म्हणा की ‘जल’, अर्थ एकच. तसेच एकाच अमिनो आम्लासाठी जनुकात अनेक संकेत असतात. वनस्पतीला रुळलेले संकेत निवडून अमेरिकेत ते जनुक नव्याने लिहिले गेले. प्रथिन तेच राहिले. मात्र तंबाखू व टोमॅटोच्या झाडांत त्याचे प्रमाण शंभरपटींपर्यंत वाढल्याचे १९९१ साली दिसून आले.

भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. हिरव्या बोंडअळीला आळा बसला. गुलाबी बोंडअळी मात्र या विषाला सरावली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. शेताच्या कडेला साधी कपाशी लावली, तर विषाला न सरावलेल्या अळ्याही टिकतात आणि सरावलेल्यांची संख्या लवकर वाढत नाही. हा नियम अनेक ठिकाणी पाळला गेला नव्हता.

मुलांनो, जनुकाची अक्षरे बदलता आली, तरी निसर्गाचे नियम पाळावेच लागतात.