आबांना उठून बसू द्या

नांदेडजवळचं विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय असो की लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था, नातेवाइकांचं म्हणणं एकच: "आबा, उठू नका, पडून राहा." माया खरी, पण ती पायांना महागात पडते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्धांना १० दिवस खाटेवर ठेवलं, तर पायांचे स्नायू जवळपास एक किलोनं घटले! आजारात तर विचारूच नका. तेव्हा डॉक्टरांना विचारून आबांना खुर्चीत बसवा, आधार देऊन चालवा. रात्री ते अचानक बरळू लागले तर 'म्हातारचळ' म्हणून सोडून देऊ नका. तो डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा मानसिक गोंधळ असू शकतो, लगेच नर्सला सांगा. आणि असा गोंधळ टाळायला मदत व्हावी म्हणून आबांचा चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरी विसरू नका.