आगाऊ दिलेले पैसे आणि न पोचलेला माल
(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुर्धा येथे केलेले भाषण)



गुणवंत मुलामुलींचे सत्कार आताच झाले. त्यांच्या टाळ्यांचा आवाज अजून मंडपात आहे, आणि अशा वेळी आम्ही पैशाच्या व फसवणुकीच्या गोष्टी काढाव्या हे कित्येकांस रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. चिटणीसांनी आम्हांस शिक्षणावर बोलण्यास सुचविले होते. परंतु गेल्या वर्षभरात निरनिराळ्या घरांतून जी मंडळी आमच्याकडे सल्ल्यासाठी आली, त्यांतील पुष्कळांचे गाऱ्हाणे एकच होते. मोबाइलवर माल पाहिला, पैसे पाठविले, माल आला नाही. आता पैसे परत कसे मिळवावे? सबब आज आम्ही त्याच विषयावर चार शब्द बोलणार आहोत, आणि आरंभ आमच्याच घरापासून करणार आहोत.

गेल्या वैशाखात आमच्या घरी लग्नकार्य होते. हळदीच्या रात्री भावकीतील सर्व स्त्रियांनी एकाच रंगाची साडी नेसावी असा रिवाज अलीकडे आपल्यांत रूढ झाला आहे. तो चांगला की वाईट, हा वाद आज नको. आमच्या सूनबाईंनी मोबाइलवर एक जाहिरात पाहिली. साड्यांचा रंग सुरेख, किंमत ८५० रुपये. चौदा जणींकडून पैसे जमा करून त्यांनी ११,९०० रुपये यूपीआयने पाठविले. चार दिवसांत माल घरपोच होणार होता. चार दिवस गेले, सहा गेले. मग विक्रेत्याचा निरोप आला की, माल भिवंडीच्या गोदामात अडकला आहे, वाहतुकीचे १,५०० रुपये आणखी भरल्यास उद्या सुटेल. त्या बिचारीने तेही भरले. दुसऱ्या दिवसापासून तो दूरध्वनी बंद झाला.

यानंतर नऊ दिवस सूनबाईंनी घरात कोणास काहीही सांगितले नाही. चौदा घरच्या बायकांचे पैसे, नवे सासर, दारात मांडव. त्या नऊ दिवसांत त्यांना झोप कशी लागली असेल कोण जाणे. शेवटी आमच्या वहिनींनी साड्यांची चौकशी केली तेव्हा त्या रडू लागल्या आणि सर्व उलगडा झाला. आम्ही त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर फोन केला. पुढे काय झाले ते शेवटी सांगू. हे नऊ दिवस मात्र श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. आमच्या मते १,५०० रुपये जाण्यापेक्षाही हे दिवस जाणे अधिक महाग पडले.

आता दुसरे उदाहरण. आमच्या पुतण्याने एका मोठ्या, नावाजलेल्या संकेतस्थळावरून ४,२९९ रुपयांचे मिक्सर मागविले. मोबाइलवर एके दिवशी 'माल पोचता झाला' असे झळकले. प्रत्यक्षात घरी खोकेही आले नव्हते. पुतण्याने त्याच संध्याकाळी त्या पडद्याचे चित्र जपून ठेवले आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास लेखी कळविले. पोच दुसऱ्या दिवशी मिळाली. उत्तर मात्र असे आले की, आमच्या नोंदीप्रमाणे माल दिलेला आहे. तेव्हा त्याने उलट विचारले : कोणाच्या हाती दिला? सही कोणाची? छायाचित्र कोठे आहे? ओटीपी कोणी सांगितला? शिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. एकोणिसाव्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले.

दोन्ही ठिकाणी पैसे गेले आणि माल आला नाही. तथापि पहिल्या ठिकाणी समोर चोर होता आणि दुसऱ्या ठिकाणी व्यापारी. हा भेद प्रथम ओळखला पाहिजे, कारण दोहोंचे मार्ग अगदी वेगळे आहेत. चोरास कायदेशीर नोटीस पाठवून काही निष्पन्न होत नाही, आणि व्यापाऱ्याच्या दिरंगाईसाठी पोलिसांकडे धाव घेतल्यास ते बहुधा ग्राहक आयोगाचाच रस्ता दाखवितात.

आपल्या वाडवडिलांना हा भेद शिकावा लागला नाही. मिठागरावरचा व्यापारी तोंडओळखीचा असे. त्याने हिशेब थकविला तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसत, आणि चार माणसांदेखत बसलेल्या घेणेकऱ्यास फार वेळ बसवून ठेवणे कोणासही परवडत नसे. आजच्या विक्रेत्यास ओटाच नाही. त्यामुळे पैसे पाठविण्यापूर्वी त्याचा ओटा कोठे आहे हे शोधणे आपले काम झाले आहे. २०२० सालच्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी अशा प्रत्येक संस्थेवर आपले कायदेशीर नाव, मुख्य कचेरीचा पत्ता, संपर्काची साधने आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव ठळकपणे प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. ज्या पानावर केवळ छायाचित्रे आणि एक भ्रमणध्वनी क्रमांक आहे, तेथे ओटा नाही असे खुशाल समजावे. सूनबाईंच्या त्या पानावर पत्ता नव्हता; आम्ही मागाहून पाहिला.

दुरून माल मागविण्याची रीत तशी नवी नव्हे. टपाल खात्याने व्ही. पी. ची पद्धत १८७७ साली सुरू केली, आणि वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून घड्याळे, औषधे, पुस्तके मागविणारी पिढी येथे बसलेल्या कित्येकांनी पाहिली आहे. त्यातही लबाडी होत असे. म्हणून १८९८ च्या टपाल कायद्यातच अशी तरतूद होती की, फसविण्याच्या हेतूने व्ही. पी. पाठविल्याची तक्रार आल्यास वसूल केलेली रक्कम रोखून धरण्याचे व ती घेणाऱ्यास परत करण्याचे नियम सरकारला करता यावे. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून अमलात आला आहे. तथापि त्या जुन्या तरतुदीतील व्यवहारज्ञान आजही खरे आहे : पैसा वाटेत असतो तोवरच तो अडविता येतो.

चोराच्या बाबतीत १९३० हा क्रमांक नेमके हेच करतो. तेथे तक्रार नोंदविली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि ज्या खात्यात पैसा गेला तेथे तो शिल्लक असल्यास गोठविला जातो. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा तो पुढे सरकत असतो, आणि एकदा का रोख रकमेच्या रूपाने बाहेर पडला की हाती लागणे दुरापास्त. म्हणून येथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब आहे. फोन करताना आपले खाते, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जवळ असावा. आपल्या बँकेसही तत्काळ कळवावे. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करावी व पोलीस ठाण्यात जावे. आपला भाग १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालयाखाली आहे. पूर्वीप्रमाणे ठाणे ग्रामीणकडे जावयाचे नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तीन कामाच्या दिवसांत कळविल्यास बँक सर्व पैसे भरून देते, असे पुष्कळजण सांगतात. ते परिपत्रक आपल्या परवानगीवाचून खात्यातून गेलेल्या पैशांविषयी आहे. आपण स्वतः पिन दाबून पाठविलेल्या पैशांना त्याचा आधार मिळत नाही. उलट, खात्यातून रक्कम वजा झाली परंतु दुकानदारास पोचल्याची खातरजमा झाली नाही, असा निव्वळ यंत्राचा घोटाळा असेल, तर २०१९ च्या दुसऱ्या परिपत्रकान्वये यूपीआयची ती रक्कम पाच दिवसांत आपोआप परत आली पाहिजे, आणि पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई आहे. पैसे कार्डाने दिले असतील तर आणखी एक वाट मोकळी राहते. माल न मिळाल्याचे कारण देऊन कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या रकमेविषयी हरकत घ्यावी. तीस 'चार्जबॅक' म्हणतात. तिची मुदत ठरलेली असते, म्हणून विक्रेत्याच्या गोड आश्वासनांवर महिने घालवू नयेत. बँकेने तीस दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

आता व्यापाऱ्याकडे वळू. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला, आणि ऑनलाइन खरेदी करणारा हाही ग्राहकच असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी व एक महिन्यात तिचा निकाल लावावा, असा नियम आहे. विक्रेत्याने सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे देण्यास तो नकार देऊ शकत नाही. पूर, वादळ अशा दैवी आपत्तीचा अपवाद तेवढा आहे. पुतण्याच्या पत्रात हे दोन नियम नावानिशी लिहिले होते. पत्र पाऊण पानाचे होते. आमच्या अनुभवाने सांगतो, रागाने लिहिलेल्या चार पानांपेक्षा मागणीची तारीख, रक्कम, क्रमांक आणि मुदत लिहिलेले पाऊण पान अधिक काम करते.

१९१५ वर मराठीत बोलता येते. तथापि ते न्यायालय नव्हे. ते तक्रार कंपनीकडे पोचवून तडजोडीचा प्रयत्न करतात. तेथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आपल्यासाठी ठाण्याचा. विक्रेता दिल्लीचा असो वा बंगळूरचा, तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथेच तक्रार दाखल करण्याचा अधिकार नव्या कायद्याने दिला आहे, आणि आमच्या मते या कायद्याची सर्वांत मोठी देणगी हीच होय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. पैसे व्याजासह परत, शिवाय मनस्तापाची भरपाई व खर्च, असा आदेश आयोग देऊ शकतो; तो न पाळणाऱ्यास तुरुंगवासही आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे खरी, परंतु प्रत्यक्षात तारखा पडतात हे लपविण्यात अर्थ नाही. ५०० रुपयांसाठी ठाण्याच्या वाऱ्या कराव्या की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या पाहण्यात मात्र तक्रार दाखल झाल्याची नक्कल हाती पडताच कित्येक कंपन्या पैसे पाठवून मोकळ्या झाल्या आहेत.

दुकानात पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाची गोष्ट निराळी. तेथे आपण कायद्याच्या अर्थाने ग्राहक राहत नाही. केवळ पोटापाण्यासाठी स्वतः चालविलेल्या लहान धंद्याकरिता लागणाऱ्या वस्तूंना सवलत आहे. ज्यांचा असा व्यवसाय आहे त्यांनी आम्हांस स्वतंत्रपणे भेटावे.

एक गोष्ट माताभगिनींस विशेष कळकळीने सांगावयाची आहे. पैसे परत मिळविण्याच्या धडपडीतच दुसऱ्यांदा पैसे जातात. आपल्याच परिचयाच्या एका काकूंचे ६०० रुपयांचे चप्पल आले नाही. त्यांनी मोबाइलवर शोधून कंपनीचा म्हणून जो क्रमांक काढला तो भामट्याचा निघाला. "परतावा पाठवितो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका," असे तो अत्यंत आदबीने म्हणाला, आणि १८,००० रुपये गेले. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून बाहेर जाणार, आत येणार नाहीत. कंपनीचा क्रमांक तिच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा पावतीवरूनच घ्यावा.

मोहाविषयीही एक शब्द. २०१६ च्या फेब्रुवारीत नोएडाच्या एका कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरात केली, तेव्हा नोंदणीसाठी एवढी झुंबड उडाली की तिचे संकेतस्थळ बंद पडले. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी उघडपणे शंका व्यक्त केली होती. पुढील वर्षी त्या कंपनीच्या संचालकास फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. त्या वेळी शिकलेसवरलेले लोकही रांगेत होते, हे आमच्या सूनबाईंना आम्ही मुद्दाम सांगितले.

आता त्यांच्या ११,९०० अधिक १,५०० रुपयांचे काय झाले ते सांगतो. १९३० वर तक्रार गेली तेव्हा मोठी रक्कम तीन खात्यांतून फिरून काढली गेली होती. एका खात्यात ३,२०० रुपये शिल्लक होते, ते गोठले, आणि न्यायालयाच्या आदेशाने कार्तिकात परत आले. पहिल्याच दिवशी फोन झाला असता तर अधिक मिळाले असते की नाही हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण १,५०० तरी वाचले असते. साड्या आयत्या वेळी भाईंदरच्या दुकानातून उधारीवर आणल्या, रंग थोडा निराळा मिळाला. भावकीतील बायकांचे पैसे आम्ही घरातून परत केले. तिघींनी ते घेतले नाहीत. ही हकीकत येथे सांगण्याची परवानगी आम्ही सूनबाईंकडे मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "सांगा, मामंजी. निदान दुसरी कोणी नऊ दिवस गप्प बसणार नाही."

भोजनानंतर मंडपाच्या उजव्या अंगास, पाण्याच्या पिंपाजवळ, आम्ही आणि आमचा पुतण्या टेबल मांडून बसणार आहोत. ज्यांची अशी प्रकरणे असतील त्यांनी मोबाइल आणि बँकेचा उतारा घेऊन यावे. तक्रारीच्या पत्राचा नमुना मराठीत छापून आणला आहे. ज्यांचे पैसे काल-परवाच गेले असतील, त्यांनी मात्र भोजनास थांबू नये. आताच उठून यावे.