शाळेतील मत्स्यालय : आधी वनस्पती, मग मासे

(शिक्षकांच्या गटसंमेलनातील भाषण)



आपल्या शाळेत मत्स्यालय असावे असे पुष्कळांना वाटते. काचेची पेटी येते, पाणी भरले जाते, त्याच दिवशी मासे सोडले जातात. आणि आठवडा सरण्यापूर्वीच त्यांतील काही मरून तरंगू लागतात. मुले प्रथम हळहळतात. पुढे त्यांना त्याचे काही वाटेनासे होते. माशांच्या मरणापेक्षा ही दुसरी गोष्ट मला अधिक वाईट वाटते. म्हणून आज एकच गोष्ट आपणांपुढे मांडावयाची आहे : आधी वनस्पती लावाव्या, त्या रुजू द्याव्या, आणि मगच मासे आणावे.

याचे कारण साधे आहे. माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया साठतो. तो माशांना विषासमान असतो. तळ्यात सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. नव्या पेटीत हे जंतू पुरेसे नसतात. ते वाढण्यास काही आठवडे लागतात. पाणवनस्पतींच्या पानांवर व मुळांवर ते वस्तीस असतात. शिवाय वनस्पती स्वतःही अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात.

आरंभास तीन वनस्पती पुरेत. हायड्रिलाचे वीतभर लांबीचे शेंडे घेऊन तीन-चारांची जुडी वाळूत खोचावी. व्हॅलिसनेरियाची पाने फितीसारखी लांब असतात. तिची मुळे वाळूत जावीत, परंतु पाने जेथून फुटतात तो गड्डा वर राहावा. तो गाडला गेल्यास रोप कुजते. सेरॅटोफायलमला मुळे नसतातच. ते नुसते पाण्यात सोडावे. वनस्पती ओढ्यातून वा तळ्यातून आणावयाच्या असल्यास मुलांना एकटे पाठवू नये. शेतातील औषधफवारणीचे पाणी जेथे उतरते, तेथून त्या घेऊ नयेत.

नदीची वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुऊन दोन इंच जाडीची पसरावी. वाळूवर बशी ठेवून तीवर हळू पाणी ओतावे, म्हणजे वाळू उकरली जात नाही. विहिरीचे पाणी चालते. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरावे. पेटीस सकाळचे कोवळे ऊन दोन तास मिळावे. दुपारच्या उन्हाने पाणी तापते व काचेवर हिरवे शेवाळ धरते. मासे नसतात तोवर डासांची पैदास होऊ नये म्हणून पेटीवर पातळ कापड बांधावे.

पहिल्या आठवड्यात जुनी पाने पिवळी पडतील. तेवढीच खुडून टाकावी. रोप उपटू नये. मूळ धरले की नाही हे उपटून पाहण्याचा मोह मुलांना होणारच. त्याऐवजी काचेवर बाहेरून कागदी पट्टी चिकटवून नव्या पानाची उंची रोज वहीत नोंदवावयास सांगावी. इन्गेनहाऊझ या शास्त्रज्ञाने 1779 साली दाखविले की, पाण्यातील पानांवर प्राणवायूचे बुडबुडे येतात ते उजेडातच. हेच निरीक्षण आपल्या मुलांनी उन्हात व सावलीत करून पाहावे. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. म्हणून मासे थोडेच असावे.

तीन-चार आठवड्यांनी नवी पाने जोमाने फुटू लागली म्हणजे दोन लहान मासे सोडावे. आणखी मासे सावकाश. वनस्पती वाढून दाटी झाल्यास छाटलेले तुकडे ओढ्यात वा विहिरीत टाकू नयेत. वाळवून खतखड्ड्यात टाकावे. बाहेरून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांची काय दशा केली, हे आपण पाहतोच.

बंधुभगिनींनो, या रिकाम्या वाटणाऱ्या आठवड्यांत मुले विचारतील, “गुरुजी, मासे केव्हा?” त्यांना पेटीपाशी न्यावे आणि नवे पान दाखवावे. घर तयार झाल्यावाचून पाहुण्यास बोलावू नये, हे खेड्यातील मुलास निराळे शिकवावे लागत नाही.